द्राक्षांच्या खोलीत जॅझ

मुलगी साडेतीन वर्षांची असली की आईची झोप उडायला फार मोठं कारण लागत नाही. ताप, खोकला, शेजारच्या मुलीला शंभरपर्यंत आकडे येतात आणि हिला बारानंतर थेट वीस दिसतो, ही नेहमीची यादी माझ्याकडे होतीच. पण त्या वर्षी मी छताकडे बघत पडून राहायचे ते यादीत नसलेल्या एका प्रश्नामुळे. मिलिंद वाईट वाजवत असेल तर?

मिलिंद म्हणजे माझा नवरा. सातपूरच्या एका कारखान्यात डिझायनर, आणि घरी आल्यावर गिटारवादक. गिटार म्हटलं की लोकांना कॉलेजची सहल आणि शेकोटी आठवते. मिलिंदची गिटार त्यातली नव्हे. तो जॅझ वाजवायचा. दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं आणि त्यानं एप्रिल ते मार्च अशी वर्षभराची बिनपगारी रजा घेतली होती, एक आल्बम रेकॉर्ड करायचा म्हणून. साहेबांनी एकच अट घातली होती. परत येणार की नाही, ते एकतीस मार्चला सांगायचं.

"आल्बम झाला की तू ऐक," मिलिंद मला म्हणाला. "तू सांगशील तसं करू. मला कोणीतरी खरं सांगणारं हवं. तू खोटं बोलत नाहीस."

हे त्याला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि पाचही वर्षं मी त्याच्या वाजवण्याला "छान" म्हणत आले होते, कारण ते मला कळत नव्हतं. मी मायक्रोबायोलॉजीची एम.एस्सी. पाण्यात जंतू आहेत की नाहीत हे मी छातीठोकपणे सांगू शकते. नवऱ्यात कला आहे की नाही याची टेस्ट आम्हाला शिकवली नव्हती. एका डॉक्टरवर विश्वास नसेल तर माणूस दुसऱ्याकडे जातो. नाशकात जॅझ कळणारा एकच माणूस माझ्या माहितीत होता, आणि पेशंटही तोच होता.

तेव्हा मी वर्षभर लोकांचे चेहरे बघत आणि कान टवकारत हिंडले. ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी एकदा स्पष्ट बोलेल आणि माझी सुटका होईल, असं वाटायचं. सुटका झाली नाही, किस्से मात्र झाले. दारामागे कोंबलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे ते साठत गेले. आता एक ओढायला जावं तर मागून सहा बाहेर येतात.

*

आधी स्टुडिओबद्दल सांगते. मिलिंदला अशी जागा हवी होती की जिथे रिक्षाचा हॉर्न नाही, कुकरची शिट्टी नाही, आणि (हे त्यानं नाव न घेता सांगितलं) मुक्ता नाही. ती मिळाली दिंडोरी रस्त्याला, भाऊसाहेबांच्या मळ्यात. भाऊसाहेब द्राक्षबागायतदार. परदेशी पाठवायची द्राक्षं आधी गार करायला त्यांनी एक खोली बांधून घेतली होती. भिंती हातभर जाड, आत थर्माकोल, दार बँकेच्या तिजोरीसारखं. आत गेलं की आपल्याच पोटातली गुरगुर ऐकू यायची. द्राक्षं येणार जानेवारीत. तोवर ती रिकामीच.

"वापरा की," भाऊसाहेब म्हणाले. "फक्त पहिली क्रेट आली की तुमची पेटी बाहेर. मग मी कोणाचं ऐकणार नाही. द्राक्ष थांबत नसतं."

मंडळी मोजकी होती. मिलिंद. बेस गिटारवर पगारे, त्याच्याच कारखान्यात मशीन शॉपला, पहिली शिफ्ट संपवून यायचे. ड्रमवर अन्वरभाई, एरवी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात. आणि रेकॉर्डिंग करणारे सोनवणे, त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

रोज चार वाजता भाऊसाहेब स्वतः चहाचा ट्रे घेऊन यायचे. चौघे हे, पाचवे भाऊसाहेब, आणि ट्रेमध्ये कप सहा. सहावा कप स्टुलावर झाकून ठेवला जायचा आणि संध्याकाळी गार झालेला परत जायचा. मी मुक्ताला घेऊन जाईन त्या दिवशी सात. मला वाटलं, शेतावरची काहीतरी रीत असेल. विचारणं बरं दिसेना.

दिवाळीनंतर एक दिवस मी तिथे असूनही कप सहाच आले. भाऊसाहेबांनी मला बाजूला घेतलं. चेहरा असा की मला वाटलं कोणीतरी गेलं.

"वहिनी, मिलिंदरावांना लागेल असं बोलू नका. पण तो गाणारा आता काय येत नाही."

"कोण गाणारा?"

"ज्याच्यासाठी हे सगळे चार महिने वाजवत बसलेत तो." त्यांनी सुस्कारा सोडला. "माझ्याकडून चहाला खंड नव्हता, एवढं त्यांना सांगा."

मी मिलिंदला सांगितलं नाही. भाऊसाहेबांनाही खरं सांगितलं नाही. या आल्बममध्ये गाणारा मुळात नव्हताच हे कळलं असतं तर त्यांना जास्त वाईट वाटलं असतं.

*

सोनवणे देवीच्या गाण्यांचे. म्हणजे गात नव्हते, रेकॉर्ड करायचे. वणीला गडाच्या पायथ्याशी ज्या कॅसेटी वाजत असतात त्यातल्या निम्म्या त्यांच्या हातच्या. नवरात्राच्या आधी दोन महिने आणि चैत्राच्या आधी दोन महिने सोनवणे कोणाला सापडायचे नाहीत. उरलेल्या दिवसांत सगळं सामान व्हॅनमध्ये घालून ते द्राक्षांच्या खोलीत यायचे.

माझ्या सासूबाई मूळच्या वणीच्या. सोनवणे पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यांनी पदर सावरून आधी नमस्कार केला. "तुमच्या कॅशेटीवर माझी सकाळ होती, भाऊ," म्हणाल्या. मग मिलिंदकडे वळल्या. "बघ. असं काहीतरी करावं माणसानं."

सोनवण्यांची कामाची पद्धत ठरलेली. खोलीच्या बाहेर नारळ, मग माइकला उदबत्ती, मग कानाला हेडफोन, मग प्रश्न.

"सर, कडवी किती?"

"कडवी नाहीत," मिलिंद म्हणाला.

"कोरस कुठं घ्यायचा?"

"कोरस नाही."

"मग गाणं संपलं हे कसं कळणार?"

"आम्ही थांबू," मिलिंद म्हणाला.

सोनवण्यांनी हे ऐकून घेतलं. त्यांच्याकडे एक रजिस्टर होतं, त्यात प्रत्येक रेकॉर्डिंगची नोंद. तारीख, पार्टीचं नाव, आणि तिसरा रकाना 'प्रकार'. वरपासून खालपर्यंत आरती, गोंधळ, पाळणा, आरती, आरती. मिलिंदच्या ओळीत पेन रकान्यावर टेकवून ते बराच वेळ बसले. मग सुवाच्य अक्षरात लिहिलं: आरती नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरं वाजवून झालं, त्यापुढे लिहिलं: आरती नाही, २. डिसेंबर संपेपर्यंत आरती नाही, ६ झालं. मिलिंदनं प्रत्येकाला मनातल्या मनात एक इंग्रजी नाव ठेवलं होतं, पण ते त्याच्या मनातच राहिलं. आम्ही सगळे सोनवण्यांच्याच नावानं बोलायचो. पगारे म्हणायचे, "आज आरती नाही चार पुन्हा घेऊ, माझा घोळ झालाय." मुक्ता बालवाडीत बाईंना सांगून आली की माझ्या बाबांची आरती नाही. बाईंनी मला बोलावून, आवाज हळू करून, घरी सगळं ठीक आहे ना असं विचारलं.

*

मग ब्रशचा किस्सा. जॅझमध्ये म्हणे ड्रमवर नेहमी काठी मारत नाहीत, कधी कधी तारांचा झुपका असलेला ब्रश फिरवतात. नाशकातल्या वाद्यांच्या दुकानात तो नव्हता. दुकानदारानं अन्वरभाईंना रंगकामाचा दाखवला.

मिलिंद शेवटी डिझायनरच. त्यानं बैठक मारून ब्रशचं ड्रॉइंग काढलं. समोरून, बाजूनं, वरून. तारेची जाडी, लांबी, आणि त्यात किती फरक चालेल तेही. पगाऱ्यांनी ते मशीन शॉपला नेलं. चार दिवसांनी ब्रश आले, प्रत्येकाला तपासणीचं पिवळं लेबल आणि त्यावर 'पास' असा शिक्का. फक्त ब्रश चाळीस होते.

"दोनच हवे होते ना?" मी विचारलं.

"वहिनी, मशीन सेट केल्यावर दोन नग काढायचे?" पगारे दुखावले. "आम्हाला शिफ्टला तोंड दाखवायचंय."

दोन अन्वरभाईंना गेले. दोन त्यांनी जादा मागून घेतले. उरलेले छत्तीस आमच्या माळ्यावर. त्यातला एक सासूबाईंनी काढून देवाची भांडी घासायला घेतला आणि बघता बघता तो गल्लीत लोकप्रिय झाला. गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत निम्म्या घरांतले तांबे त्या वर्षी जॅझच्या ब्रशनं चकाकले.

पहिलं रेकॉर्डिंग घरी आणलं तेव्हा मी मुद्दाम सासूबाईंना शेजारी बसवून ऐकवलं. म्हटलं, ही बाई भिडस्त नाही, ही तरी खरं सांगेल. त्यांनी पूर्ण ऐकलं.

"कसं वाटलं, आई?"

"गिटार बरी हाय. पण मागं हंडा कोण घासतंय?"

"आई, ते ब्रश आहेत. अन्वरभाई वाजवतायत."

"ब्रशच म्हणते मी. माझ्याकडंबी तोच हाय." त्यांनी पुन्हा कान दिला. "नुसता फिरवतोय. जोर लावत नाय."

हे मी अन्वरभाईंना सांगायला नको होतं. मला वाटलं, हसतील. पुढचे दोन दिवस ते खाली मान घालून जोर लावत होते, आणि आरती नाही तीन पुन्हा घ्यावी लागली.

*

सासूबाईंचं मत अन्वरभाईंवर गेलं, मिलिंदच्या वाट्याला नुसतं "बरी हाय" आलं. मग मी माझ्या लहानपणीच्या गाण्याच्या बाईंकडे गेले. जुन्या नाशकात राहतात, मी त्यांच्याकडे दोन वर्षं शिकले आणि दोघींच्या संमतीनं थांबले. कॅसेट घेऊन गेले. कोणाचं वाजवणं आहे ते सांगितलं नाही. प्रयोगशाळेत नमुन्यावर नाव नसतं, फक्त नंबर असतो. पद्धत म्हणजे पद्धत.

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. मधे एकदा हात वर केला, मग खाली घेतला. कॅसेट संपल्यावर डोळे उघडले.

"अनुजा, मुलगा कितीचा आहे?"

"एकतीस."

"उशीर झालाय. पण होईल." त्या उठल्या, कपाटातून एक छापील कागद काढला. "प्रवेशिकेच्या परीक्षेला बसव त्याला. थिअरी मी करून घेते. हात तयार आहे, नुसती शिस्त नाही. दुसऱ्या श्रेणीत सहज निघेल."

मी नाही म्हणू शकले नाही. बाईंना मी कधीच नाही म्हणू शकले नव्हते, दोन वर्षं त्यातच गेली होती. त्यांच्यासमोर बसून, नावाची जागा सोडून, फॉर्म अर्धा भरला आणि पर्समध्ये घडी करून घरी आणला. आठ दिवसांनी मिलिंद पर्समध्ये सुटे शोधायला गेला आणि फॉर्म हातात घेऊन बाहेर आला.

"हे काय आहे?"

"मुक्तासाठी," मी म्हटलं. "पुढंमागं लागेल."

तो वाचत होता. "मुक्तासाठी?"

"हो. आवड दिसतेय तिला."

"मग वयापुढे एकतीस का लिहिलंयस?"

मी सांगितलं की घाईत चुकलं. तो माणूस खरंच मानतो की मी खोटं बोलत नाही, कारण त्यानं फॉर्म परत दिला आणि म्हणाला, "नीट भर. खोडाखोड केली की घेत नाहीत."

*

जानेवारी लागला. बागेत मणी भरत आले होते आणि एक रेकॉर्डिंग बाकी होतं. आरती नाही सात. अत्यंत संथ, मिलिंदच्या मते आल्बमचा जीव. ते काही केल्या जमत नव्हतं. अन्वरभाईंचा हात लग्नाच्या वरातीत घडलेला. शेवट जवळ आला की त्यांना समोर मांडव दिसायचा आणि लय आपोआप वाढायची. मिलिंद रोज समजवायचा की घाई नको, तरंगायचं, याला स्विंग म्हणतात. अन्वरभाई म्हणायचे, "मिलिंदभाई, तरंगतो मी, पण नवरदेव घोड्यावर किती वेळ ठेवायचा?"

त्या दिवशी मीही तिथेच होते, मुक्ताला बाहेर भाऊसाहेबांच्या म्हशी दाखवत. खोलीचं दार बंद. आत वाजवणं सुरू झालं असावं, कारण सोनवणे दाराच्या गोल काचेतून हात वर केलेले दिसले. भाऊसाहेब आले, काचेतून डोकावले, थोडे घुटमळले, आणि भिंतीवरचा खटका ओढून निघून गेले. मला काय माहीत तो कसला खटका.

अर्ध्या तासानं दार उघडलं. आधी धुकं बाहेर आलं. मग पगारे, मी आत विसरलेली ओढणी डोक्याला गुंडाळून. सोनवणे हेडफोनवरून मफलर बांधून होते. मिलिंदचे ओठ निळे होते, पण डोळे चमकत होते.

"झालं!" त्यानं माझे दोन्ही हात धरले, त्याचे बर्फासारखे. "अनू, आज अन्वरभाईंना स्विंग सापडला. अंगात आल्यासारखे वाजवत होते. सगळं कसं थरथरत होतं."

मागून अन्वरभाई आले. त्यांच्या हातातले ब्रश अजून हलत होते.

"स्विंग नाही, मिलिंदभाई," ते म्हणाले. "थंडी होती."

भाऊसाहेब धावत आले. आज माल येणार म्हणून मशीन चालवून बघायचं होतं, म्हणाले. "तुम्ही डोळे मिटून वाजवत होता. असं समाधी लागलेल्या माणसाला कसं उठवायचं? म्हटलं, हळूहळू गार होईल, कळायचंसुद्धा नाही."

मिलिंदला पुन्हा एकदा घ्यायचं होतं. पण फाटकातून पहिल्या क्रेट आत येत होत्या. भाऊसाहेबांनी सोनवण्यांच्या व्हॅनकडे बोट दाखवलं आणि मग त्यांनी खरंच कोणाचं ऐकलं नाही. आरती नाही सात जशी गारठली तशीच राहिली.

*

फेब्रुवारीत सोनवण्यांनी चैत्राची गर्दी बाजूला ठेवून सगळं कॉम्प्युटरवर घेतलं. त्यांनी नवीनच घेतला होता. देवीच्या गाण्यांत गायकाचा श्वास, खोकला, चुकलेला शब्द, सगळं त्यात काढून टाकता येतं म्हणून ते खूश होते. पंधरा दिवसांनी सीडी घेऊन घरी आले. चेहऱ्यावर संकोच.

"सर, रागावू नका. मी चार दिवस दुसरं काम घेतलं नाही. हे माझ्याकडून तुम्हाला." त्यांनी वही उघडली. पानावर मिनिटं, सेकंद आणि पुढे शेरा, सगळं ओळीनं. "आरती नाही एक. दोन मिनिटं अकरा सेकंद. बोट घसरलं. काढलं. आरती नाही तीन. पाच मिनिटं सतरा. सूर भलताच. काढला. आरती नाही चार." इथे त्यांनी घसा साफ केला. "सुरुवातीला चाल छान धरलीय. मग विसरलात. शेवटी आठवली."

मिलिंदनं वही आपल्याकडे ओढून घेतली.

"सर, हे सगळ्याच गाण्यांत झालंय. चाल धरता, विसरता, शेवटी एकदम आठवते. माणूस आहे, होतं. मग मी काय केलं, सुरुवातीची चाल होती तीच कापून मधे चार वेळा लावली. आता कोणाच्या लक्षात येत नाही. आणि शेवटच्यात रिकामं वाटत होतं तिथे एक घंटा टाकलीय. एकदाच. हळू."

मिलिंदचा आवाज फार शांत होता. "सोनवणे, त्या चुका नाहीत. मी ते मुद्दाम वाजवलंय."

सोनवण्यांनी माझ्याकडे बघितलं. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, सासूबाई ऐकत तर नाहीत ना म्हणून. मग पुढे झुकून मिलिंदच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सर," ते हळूच म्हणाले, "माझ्याकडून बाहेर जाणार नाही."

*

मूळ रेकॉर्डिंग त्यांनी जपून ठेवलं होतं, नशीब. मिलिंदनं त्याचीही सीडी करून घेतली. घरात दोन सीड्या झाल्या. एक चुकांची, एक दुरुस्त.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिलिंद बाहेर गेलेला, सासूबाई आणि मुक्ता शेजारी. मी दुरुस्त लावली आणि कणीक मळायला घेतली. नुसतं बघावं म्हणून. थोड्या वेळानं लक्षात आलं की मी गुणगुणतेय. पाच वर्षांत पहिल्यांदा मिलिंदची गिटार ऐकताना पुढे काय येणार ते मला ओळखता आलं, आणि तेच आलं. मला फार बरं वाटलं. मग मला फार वाईट वाटलं. मग हात धुऊन मी दुसरी लावली, मूळ. ती मी तीन वेळा ऐकली, परीक्षेला बसल्यासारखी. प्रत्येक वेळी चाल धरली, हरवली, सापडली. सापडायची तेव्हा मी जागची उठायचे. पण संगीत उठवत होतं की एकतीस मार्चची भीती, ते मला सांगता येईना.

*

तीस मार्चला रविवार होता. जेवणं झाली. मिलिंदनं दोन्ही सीड्या आणल्या, पाठमोरं उभं राहून दोन्हींची नावं झाकली.

"दोन्हीतली नुसती आरती नाही एक लावतो. कुठली सीडी कुठली ते सांगणार नाही. तू फक्त सांग, कुठल्यात दम आहे. दुरुस्तीतच दम असेल तर तसं सांग. उद्या मी सातपूरला जाऊन हजर होतो, माझं काही म्हणणं नाही. पण खरं सांग."

मी तोंडी परीक्षेला बसावं तशी खुर्चीत ताठ. सासूबाई शेंगा निवडत होत्या. मुक्ता जमिनीवर ठोकळ्यांचं घर बांधत होती, तिला या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं.

पहिली लागली. अर्ध्या मिनिटात मला कळलं. चाल आली, पुन्हा आली, पुन्हा आली. दुरुस्त. आणि ती मला छान वाटत होती, याला मी काय करू? मिलिंद सीडी प्लेयरकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. जिभेवर "छान" येऊन बसलं होतं, सवयीचं, पाच वर्षांचं. सत्य बोलावं तरी तेच बोलायचं होतं, ही त्यातली खरी आफत. संपली. मी तोंड उघडलं.

"हे बाबा नाहीत," मुक्ता म्हणाली. मान वर न करता.

मिलिंदनं चष्मा काढला. "काय म्हणालीस?"

"हे बाबा नाहीत. दुसरे काका आहेत."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू हे मी तिला शिकवलं. मी नाही म्हटलं नाही. सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. मिलिंदनं सीडी बदलली.

दुसरी लागली. चाल आली आणि गेली. गिटार कुठेतरी भलतीकडे भटकायला निघाली. मुक्तानं ठोकळे सोडले. उठली, स्पीकरजवळ जाऊन उभी राहिली, मान एका बाजूला कलती करून. मी तिला कार्टून बघतानाही इतकी गप्प पाहिली नव्हती. गिटार हिंडून हिंडून परत आली, अन्वरभाईंनी एक हलका ब्रश फिरवला, आणि सगळे थांबले.

"हे बाबा," ती म्हणाली.

मिलिंदनं प्लेयर बंद केला. मग माझ्याकडे वळला. त्या वर्षभरात मी त्याचा असा चेहरा बघितला नव्हता.

"अनू, तू आता काही सांगू नकोस," तो म्हणाला. "गरज नाही. मी उद्या साहेबांना सांगतो, येत नाही म्हणून."

तो मुक्तासमोर खाली गुडघ्यांवर बसला. तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. मग इंजेक्शन दिल्यावर मी तिच्या पाठीवरून फिरवते तसा तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"पण ते आधीचे काका छान वाजवत होते," मुक्ता म्हणाली.